एका दिवसाचा ब्रेक

"टेम्पररीबाई, आज तुम्ही नाही ना?" मशीनकाकांनी विचारलं आणि ओलं फडकं तिच्या हातात दिलं.

"नाही," ती म्हणाली आणि ठोकळा पुसायला लागली.

"मग पाहुण्यांसाठी चहा सांगू का?"

"सांगा. पाहुण्यांना साखर कमी."

हा विनोद दहा वर्षांचा झाला होता. वर्षातून एकदाच वापरात यायचा, म्हणून फारसा झिजला नव्हता. काका हसले, तीही हसली, आणि दोघांनी मिळून ठोकळा यंत्राच्या दोन पोलादी तबकांमध्ये ठेवला.

ठोकळा काँक्रीटचा होता, सहा इंची, आठ किलोंचा. शहरात कुठेही खांब उभा राहिला, की त्याच काँक्रीटचे तीन ठोकळे लोखंडी साच्यात भरून बांधकाम मंडळाच्या या लॅबमध्ये यायचे. इथल्या हौदात ते पाण्याखाली पडून राहायचे आणि भरल्यापासून बरोबर अठ्ठाविसाव्या दिवशी त्यांना दाबून फोडलं जायचं. किती भाराला फुटले, त्यावर खांबाची पत ठरायची. सत्ताविसाव्या दिवशी फोडून चालत नसे, एकोणतिसाव्याही नाही. माणसाला मागंपुढं करता येतं, काँक्रीटला येत नाही, असं काका नव्या माणसांना सांगत. नवी माणसं लॅबमध्ये येत नसत, ही गोष्ट वेगळी.

काकांनी दांडा ओढला. काटा चढू लागला. चारशे, पाचशे, साडेपाचशे. सहाशे वीसला जाड काच तडकावी तसा आवाज झाला आणि काटा खाली आला. तिने रजिस्टरमध्ये आकडा लिहिला, तारीख टाकली आणि 'तपासणार' या रकान्यात सही केली. शेजारचा 'पडताळणार' हा रकाना साहेबांचा. दोन्ही सह्या दोन वेगळ्या पदवीधरांच्या हव्यात, असा नियम होता. लॅबमध्ये पदवीधर दोनच होते. एक साहेब, आणि दुसरी आज नव्हती.

म्हणजे होती, पण नोकरीत नव्हती. तिचा करार अकरा महिन्यांचा असे. काल संध्याकाळी अकरावा करार संपला होता, बारावा उद्या सकाळी सुरू होणार होता. मधला एक दिवस मंडळ कोरा सोडत असे, म्हणजे पुढेमागे कुणी उठून 'ही बाई सलग नोकरीत आहे' असं म्हणायला नको. याला कचेरीत 'ब्रेक' म्हणत. अकरा महिन्यांच्या हिशेबाने हा ब्रेक दरवर्षी महिनाभर मागे सरके. कधी तो भर उन्हात येई, कधी थंडीत, आणि एकदा तर नेमका तिच्या वाढदिवशी आला होता. त्या दिवशी काकांनी साखर कमी न करता चहा सांगितला होता.

पहिल्या वर्षी ती ब्रेकला घरीच राहिली होती. त्या दिवशीचे ठोकळे दुसऱ्या दिवशी फोडले गेले. साइटच्या इंजिनियरने दिवस मोजले, रिपोर्ट परत पाठवला आणि साहेबांना वरून कागद आला. साहेब स्वभावाने वाईट नव्हते, फक्त कागदाला फार घाबरत. दुसऱ्या वर्षी ब्रेकच्या आदल्या संध्याकाळी ते तिच्या टेबलापाशी येऊन उभे राहिले आणि खिडकीकडे बघून म्हणाले, "उद्या शाळेच्या पायाचे ठोकळे आहेत. कुणी असतं तर बरं झालं असतं." या म्हणाले नाहीत. ती गेली.

गेटवर तिचं कार्ड चालेना. गेटवाल्याने अभ्यागतांची वही पुढे सरकवली. नाव लिहिलं, वेळ लिहिली. पुढचा रकाना होता, 'येण्याचं कारण'.

"काय लिहू हो?" तिने विचारलं.

"मला काय ठाऊक बाई. कशाला आलात ते लिहा."

'काम' लिहावं तर साहेब अडचणीत येणार. नोकरीत नसलेल्या बाईला काम कुणी दिलं, असा प्रश्न उद्या निघायचा. तिने थोडा विचार केला आणि लिहिलं, 'वैयक्तिक'. पुढच्या वर्षी विचार करावा लागला नाही. मागचं पान बघायचं, तेच लिहायचं.

आपण इथं दहा-बारा वर्षं राहू, असं तिला कुणी आधी सांगितलं असतं तर तिने त्याला वेड्यात काढलं असतं. इमारतींचं डिझाईन हा तिचा विषय. कॉलेजात वर्गात दुसरी आलेली मुलगी. शेवटच्या वर्षाला एका मोठ्या कंपनीने नेमणूकपत्रही दिलं होतं, जाड कागदावरचं. 'रुजू होण्याची तारीख नंतर कळवण्यात येईल,' असं त्यात शेवटी होतं. ती तारीख कंपनीने कधीच कळवली नाही. त्या वर्षी मंदी आली. अर्ध्या बांधलेल्या इमारतींवर क्रेन जागच्या जागी थांबल्या आणि चार महिन्यांनी त्या कंपनीचा डिझाईन विभागच बंद झाला. वर्गातल्या पोरांनी हाताला लागेल ते धरलं. कुणी विमा विकायला लागला, कुणी शिकवण्या घेऊ लागला, एकाने काकाच्या दुकानात टाइल्स विकल्या. तिला लॅबमधली अकरा महिन्यांची जागा मिळाली तेव्हा सगळे म्हणाले, नशीबवान आहेस. बाजार सुधारेपर्यंत कर, मग बघू.

बाजार सुधारला, अगदी जोरात सुधारला. ती मुलाखतींना गेली तर लोक म्हणाले, डिझाईनचा अनुभव? तिच्याकडे अनुभव ठोकळे फोडण्याचा. नव्यांच्या जागांसाठी गेली तर म्हणाले, तुम्ही तीन वर्षांपूर्वीच्या, आम्हाला यंदाचे हवेत. डिझाईनला जुनी आणि अनुभवाला कच्ची. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं. त्याच वर्षी तिचा धाकटा भाऊ पास झाला. त्याचे दोन विषय एकदा मागे राहिले होते. त्याला तीन कंपन्यांनी बोलावलं आणि त्यातली कुठली घ्यावी, हे त्याने ताईला विचारलं. तिने नीट विचार करून सल्ला दिला. तो बरोबर ठरला.

भावाचा तिला राग आला नाही. पहिली दोन-तीन वर्षं कधीकधी रात्री छातीत काहीतरी दाटून यायचं, मग तेही बंद झालं. बराच वेळ एकाच बाजूला बसल्यावर पाय बधिर होतो आणि आपला आहे की नाही तेच कळत नाही, तसं झालं होतं. दुखत नव्हतं, ही सोयच होती.

परिपत्रक आलं ते बाराव्या करारात. ज्या हंगामी कर्मचाऱ्यांची सलग दहा वर्षं या वर्षअखेर पूर्ण होतात, त्यांना मंडळ कायम करणार होतं. अर्जासोबत सेवेचा दाखला जोडायचा होता. तिने दाखला मागवला. त्यात तिची सेवा अकरा महिन्यांच्या तुकड्यांनी मांडलेली होती आणि प्रत्येक तुकड्यानंतर कंसात 'खंड' असं टाइप केलेलं होतं.

रविवारी भावाचा फोन आला तेव्हा तिने हे सहज सांगितलं.

"ताई, खंड कसला? तू तर ब्रेकलाही जातेस!"

"जाते. पण कागदावर नाही ना."

"कागदावर कसं नाही? रजिस्टरवर सही कोणाची असते?"

"माझी."

"तारखेसकट?"

"तारखेशिवाय सही कशी करणार?"

"मग झालं की! दहा ब्रेक, दहा तारखा, दहा सह्या. याहून मोठा पुरावा कुणाकडे असणारे? ताई, अगं हक्काचं आहे ते तुझं. आईच्या खांद्याचं तरी बघ."

आईचा उजवा खांदा दीड वर्षापासून जखडला होता. हात छातीच्या वर जात नसे. ऑपरेशनने बरं होईल असं डॉक्टर म्हणाले होते, आणि मंडळाच्या दवाखान्यात कायम कर्मचाऱ्याच्या आईवडिलांचं ऑपरेशन होत असे. टेम्पररीच्या आईवडिलांचं होत नसे. भाऊ म्हणाला होता, मी बघतो. पण त्याचं घर नवं होतं, मूल लहान होतं, आणि आई म्हणाली होती, त्याला नको ओढूस, मला काही एवढं होत नाही.

तिने अर्ज केला. करताना लक्षात आलं, की आईच्या खांद्याशिवाय आणखीही काहीतरी हवं आहे. आपण इथं होतो, रोज होतो, एवढं कुणीतरी एकदा लिहून द्यावं असं तिला वाटत होतं. कित्येक वर्षांनी तिला काहीतरी हवंसं वाटलं होतं, आणि त्या वाटण्याची सवय नसल्यामुळे तिला नीट झोप लागेना.

अर्जावरच्या सुनावणीच्या आदल्या दिवशी साहेब टेबलापाशी आले. त्यांच्या निवृत्तीला चार महिने उरले होते. ते खिडकीकडे बघत राहिले.

"बाई, मी तुम्हाला ब्रेकच्या दिवशी 'या' असं कधी म्हटलंय का?"

"नाही साहेब."

"नाही, मला आठवेना, म्हणून विचारलं."

"नाही म्हटलंत कधी."

"तेवढंच विचारलं तर तेवढंच सांगा. बाकी तुमचं भलं व्हावं, असं मला मनापासून वाटतं."

त्यांना तसं वाटतही होतं. मशीनकाका तेवढ्यात फडकं पिळत होते. साहेब गेल्यावर ते म्हणाले, "करून सवरून नामानिराळे. मी येऊ का उद्या? मी सांगतो, मी स्वतः दांडा ओढलाय दहाही वर्षं."

"नको काका. तुमची अजून सहा वर्षं राहिलीत."

मुख्य कचेरीत तिसऱ्या मजल्यावर सुनावणी होती. खोली लांबट, टेबल मोठं, आणि पंखा असा की कागदावर काहीतरी ठेवल्याशिवाय बोलता येत नव्हतं. चौकशी अधिकारी एक तरुण बाई होती, नीटनेटकी, आवाज मऊ. तिने आधी अर्ज वाचला, मग शिक्षण वाचलं आणि तिचा चेहरा उजळला.

"अरे, तुम्ही आमच्याच कॉलेजच्या! कुठली बॅच?"

तिने सांगितलं.

"म्हणजे मला चार वर्षं सीनियर. तुमच्या वेळी ते मंदीचं... हो ना? आमच्या वेळी तर कंपन्या अक्षरशः रांग लावून..." अधिकारीबाई मध्येच थांबली. "असो. बसा ना तुम्ही. पाणी घ्या."

मग तिने गेटची वही उघडली. गेटवाल्याच्या दहा वह्या मागवल्या होत्या, प्रत्येकीत एक चिठ्ठी खोचलेली.

"या तारखांना तुम्ही आत आलात, हे दिसतंय. पण कारण तुम्ही 'वैयक्तिक' लिहिलंय. दहाही वेळा. अक्षर तुमचंच ना?"

"माझंच."

"मग याला मी सेवा कशी म्हणू? कुणी बोलावलं होतं का तुम्हाला?"

"नाही."

"लॅबप्रमुखांनी?"

"त्यांनी 'या' असं कधी म्हटलं नाही."

अधिकारीबाईने पेनचं टोपण काढलं, लावलं. टेम्पररीबाईने मग पिशवीतून लॅबची रजिस्टरं काढली आणि एकेक पान उघडून समोर ठेवलं. सदतीस रिपोर्ट होते. दोन शाळा, रुग्णालयाचा नवा भाग, एक पूल, पाण्याची टाकी, वसतिगृह. प्रत्येकावर आकडा, तारीख, सही. अधिकारीबाईने ती पानं बराच वेळ पाहिली. पाहता पाहता तिचा मऊपणा कमी झाला. उद्धटपणा आला नाही, काळजी आली.

"तुमच्या लक्षात येतंय ना, तुम्ही काय दाखवताय मला?"

"मी त्या दिवशी काम केलं, ते दाखवतेय."

"त्या दिवशी तुम्ही मंडळात नव्हता. म्हणजे या सदतीस रिपोर्टांवर बाहेरच्या व्यक्तीची सही आहे. मी हे मान्य केलं, तर सदतीसच्या सदतीस रद्द. प्रत्येक इमारतीला नोटीस जाणार. खांबांना भोकं पाडून आतलं काँक्रीट काढून पुन्हा तपासावं लागणार. शाळा बंद, रुग्णालयाचा तो भाग रिकामा. आणि पडताळणार म्हणून ज्यांनी सह्या केल्यात, त्यांची निवृत्ती..."

"काँक्रीट चांगलंय ते," ती म्हणाली. "एक सोडलं तर सगळं पास आहे. वसतिगृहाचे ठोकळे कमी भाराला फुटले होते, तो खांब तेव्हाच पाडला त्यांनी."

"ते मला पटतंय हो. पण माझ्या पटण्याला काय करायचंय?"

खरंच, काय करायचं होतं? पंखा फिरत होता. रुग्णालयाच्या त्या भागात लहान मुलांचा वॉर्ड आहे, हे तिला माहीत होतं. तिथल्या मधल्या खांबाचा ठोकळा सहाशे चाळीसला फुटला होता. असा खांब भोकं पाडण्यासाठी नसतो.

अधिकारीबाई खुर्चीत पुढे झुकली आणि खालच्या आवाजात बोलली. "मॅडम, मी तुमची ज्युनियर म्हणून सांगते. तुम्ही अर्ज मागे घ्या. अर्जच नसेल तर चौकशी नाही, आणि चौकशी नसेल तर ही रजिस्टरं मी पाहिलेलीच नाहीत. फक्त एक दोन ओळींचा खुलासा द्या, की या सह्या तुम्ही दुसऱ्या दिवशी, नवीन करार सुरू झाल्यावर केल्या आणि तारीख चुकून आदल्या दिवसाची पडली. म्हणजे पुढे कुणी उकरून काढलं तरी रिपोर्टांना धक्का नाही. चूक किरकोळ धरतील, तुमचा पुढचा करारही थांबणार नाही. मी मसुदा देते."

तिने मसुदा लिहूनही दिला, सुबक अक्षरात. 'सदर तारखा माझ्याकडून नजरचुकीने टाकल्या गेल्या.'

टेम्पररीबाईने ते वाक्य दोनदा वाचलं. राग येईल असं तिला वाटलं होतं, येऊ द्यायचीही तयारी होती. आला नाही. आईचा खांदा आठवला, तोही लांबून, दुसऱ्या कुणाच्या आईचा असावा तसा. मग तिने कोरा कागद ओढला आणि लिहिलं, की माझा अर्ज मी स्वखुशीने मागे घेत आहे. खाली सही केली, तारीख टाकली.

"हे घ्या. ते दुसरं मी लिहिणार नाही."

"अहो, पण त्याने तुमचं काहीच बिघडत नाही."

"तारीख चुकलेली नाही ना."

"मला माहितेय. पण आता अर्जच मागे घेतलात, तर तारखेचं काय एवढं?"

"मी दहा वर्षं ठोकळे फोडतेय, मॅडम. सत्ताविसावा दिवस कुठला आणि अठ्ठाविसावा कुठला, हे मला कळत नाही असं मी लिहून देऊ? तेवढं एकच येतं मला."

हे तिने चिडून म्हटलं नाही. आवाज नेहमीचाच होता, साइटवाल्यांना फोनवर आकडा सांगावा तसा. पण अधिकारीबाईने मान खाली घातली आणि मसुद्याचा कागद हळूच फाइलखाली सरकवला. तिचं काम तसंही झालं होतं. सुंठीवाचून खोकला गेला होता.

"तुमच्याकडे बघून मला..." अधिकारीबाई म्हणाली आणि वह्यांतल्या चिठ्ठ्या काढू लागली. "चार वर्षांचाच फरक आहे हो आपल्यात."

"हो," ती म्हणाली, आणि रजिस्टरं पिशवीत भरली. पिशवी जड होती.

साहेब खाली जिन्यापाशी थांबले होते.

"झालं?"

"झालं साहेब. अर्ज मागे घेतला."

साहेबांनी रुमाल काढला, कपाळ पुसलं. "तुम्ही फार सांभाळून घेतलंत, बाई." त्यांचे डोळे खरोखर भरून आले होते. तिला वाटलं, आपले का भरून येत नाहीत? ते पिशवी उचलू लागले. तिने उचलू दिली.

घरी भावाला फोनवर सांगितलं तर तो चिडला, ओरडला, म्हणाला, तू वेडी आहेस ताई, मी वकील बघतो. मग रडल्यासारखा झाला. तिनेच त्याची समजूत काढली. आई पोळपाटाशी बसून डाव्या हाताने लाटता येतं का, ते बघत होती.

बारावा करार संपायला महिना होता. ती रोज जात होती, ठोकळे पुसत होती, आकडे लिहीत होती. एके दिवशी दुपारी तिने भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं, ब्रेकची तारीख पाहिली आणि बोटांनी अठ्ठावीस दिवस मागे मोजत आली. परवाचा दिवस आला.

तिने फोन ओढला. शहरात तेव्हा सहा ठिकाणी मंडळाची कामं चालू होती.

"परवा काँक्रीट ओतताय का?"

"ओतणार ना. स्लॅब आहे. का हो बाई?" पहिल्या साइटचा इंजिनियर म्हणाला.

"एक दिवस पुढे ढकलता येईल?"

"काय झालं?"

"परवा भरलेले ठोकळे ज्या दिवशी फोडायला येतील, त्या दिवशी इथं फोडायला कुणी नाहीये."

"कुणी नाही? तुम्ही आहात की!"

"मी नाहीये."

हा माणूस तिला कधी भेटला नव्हता. आठ वर्षं फक्त आवाज ओळखत होता. रात्री-अपरात्री, सुट्टीच्या दिवशी, पाऊस असो की ऊन, याने ठोकळे पाठवले आणि तिने आकडा कळवला, त्यात कधी चूक निघाली नव्हती.

"गाड्या ठरल्यात हो," तो म्हणाला. मग म्हणाला, "बरं. तुम्ही आजवर काही मागितलं नाहीत. ढकलतो."

दुसऱ्याने कारणही विचारलं नाही. तिसरा कुरकुरला, त्याला वरून घाई होती. पाच मिनिटांनी त्यानेच परत फोन करून हो म्हटलं. पुलावरचा इंजिनियर म्हणाला, "बाई, तुमच्यासाठी एक दिवस काय, दोन थांबवतो." ती म्हणाली, "दोन नकोत. एकच दिवस आहे."

मशीनकाका यंत्राला तेल घालत होते. सगळे फोन त्यांनी ऐकले. तेलाचा डबा खाली ठेवला आणि ओलं फडकं घेऊन यंत्राची तबकं पुसायला लागले.

परवाच्या दिवशी शहरातल्या सहा साइटवर एक घमेलंही काँक्रीट ओतलं गेलं नाही. मिक्सर थांबले होते, मजूर सळया बांधत बसले. मुख्य कचेरीत याची कुणाला गंधवार्ता नव्हती. साहेबांनाही नव्हती. संध्याकाळी बसमधून घरी जाताना तिला पुलाचं काम दिसलं. एवढा मोठा पूल शांत उभा होता. बस पुढे गेली.

ब्रेकच्या दिवशी ती साडेआठला उठली. आईने दोनदा दारातून डोकावून पाहिलं होतं.

"बरं नाही का?"

"बरी आहे."

"मग जायचं नाही? आज तर तुझा तो दिवस ना? दरवर्षी जातेस."

"आज काम नाहीये तिथं."

आईला ते खरं वाटलं नाही, पण तिने वाद घातला नाही. ती चहा घेऊन आली, डाव्या हाताने, बशीत अर्धा सांडलेला. तिने तो प्यायला. दहा वाजले. अकरा वाजले. अकराला घरात कसं असतं, हे तिला माहीत नव्हतं. समोरच्या इमारतीत कुणीतरी सतरंजी झटकत होतं. कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. फोन वाजला नाही. ती वाट पाहत नव्हती, तरी दोनदा बघून आली.

"तुला वेळ असेल तर," आई म्हणाली, "माझं डोकं धुऊन देशील? एका हाताने नीट होत नाही. पंधरा दिवस नुसतंच ओलं करतेय मी."

"सांगितलं नाहीस कधी."

"तू दमून येतेस."

तिने न्हाणीत स्टूल ठेवलं, पाणी गरम करून आणलं. आई वाकून बसली. मागून मान किती बारीक दिसत होती. तिने तांब्याने पाणी ओतलं, केसांत बोटं घातली आणि हळूहळू चोळायला लागली. आई डोळे मिटून बसली होती. कानामागे, मानेपाशी, कपाळाच्या कडेला, जिथं आईचा हात गेलाच नव्हता तिथं तिथं मळ होता. तो निघेपर्यंत ती चोळत राहिली. आपले हात किती खरखरीत झालेत, हे तिला आईच्या केसांत जाणवलं.

"लागतंय का?"

"नाही गं. बरं वाटतंय." थोड्या वेळाने आई म्हणाली, "त्या ऑपरेशनचं मनाला लावून घेऊ नकोस. असंही चालतं माझं."

तिने तांब्या भरला आणि आईच्या डोक्यावर पाणी ओतलं, मग आणखी एक, मग आणखी एक. साबण केव्हाच निघून गेला होता.

"पुरे आता," आई म्हणाली. "पाणी संपलं असेल."

तिने टॉवेल घेतला आणि आईचं डोकं पुसायला लागली.

"उद्या जायचंय ना?" टॉवेलच्या आतून आईने विचारलं.

"हो," ती म्हणाली. "उद्या आहे."